गिरणगाव रत्नागिरीतही होते

जुन्या गिरणगावाचे पर्यटन म्हटले की परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, वरळी एवढाच पट्टा आपल्या मनात येतो. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले. फिनिक्स मिलच्या जागी झगमगती बाजारपेठ आली, तरी तिथली चिमणी लोक अजून बोटाने दाखवतात. इतिहासाची आवड असलेली मंडळी चाळींच्या गल्ल्यांतून पदयात्रा काढतात. हे सगळे व्हायलाच हवे. पण ज्याला आपण गिरणगाव म्हणतो ते मुंबईच्या हद्दीत कधीच मावले नव्हते. कामाची जागा मुंबईत आणि घर, शेत, देव, सोयरीक हे सगळे कोकणात, अशी त्याची घडण होती, आणि त्यातही रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे गिरणगावाचा इतिहास पाहायला निघालेल्या माणसाचा प्रवास भाऊच्या धक्क्यावर संपू नये, तो तिथून पुढे दक्षिणेला सुरू व्हावा, असे मला ठामपणे वाटते. समुद्रकिनारे, हापूस आणि मासळी यांवर उभ्या असलेल्या रत्नागिरीच्या पर्यटनाने हा इतिहास अद्याप आपला मानलेला नाही. तो सांगण्याची दोन उत्तम साधने मात्र जिल्ह्यात आजही शाबूत आहेत. एक म्हणजे वाड्यांतून बंदराकडे उतरणाऱ्या पाखाड्या, आणि दुसरे म्हणजे शिमग्याचे नमन व गणपतीतली जाखडी.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिचे चाक फिरू लागले. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांची रांग लागली, आणि १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. त्या वेळच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग होता (तो वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये), हे लक्षात घेतले तरी एका जिल्ह्याने एवढ्या मोठ्या उद्योगाला निम्मे हात पुरवावेत ही असामान्य गोष्ट आहे. पुढे घाटावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून माणसे येऊ लागली, रत्नागिरीचे प्रमाण घटत गेले आणि १९३१ पर्यंत ते एक चतुर्थांशाच्या आसपास आले. पण गिरणगावाच्या चालीरीती ठरल्या त्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत. माणसे का गेली, याचे उत्तर जमिनीत आहे. सड्यावरची कातळी जमीन, डोंगरउतारावरची वरकस, खाचरांत पिकलेला भात वर्षभर न पुरणारा, उरलेले महिने नाचणी-वरीवर काढायचे. त्यातच खोती. गावाचा सारा गोळा करणारा खोत कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा घेई आणि वर वेठही करवून घेई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, ते याच जाचापायी. त्या मोर्चाचे ठिकाण मुंबई असणे अगदी साहजिक होते. कुळाचा भाऊ, मुलगा, पुतण्या तिथे साच्यावर उभाच होता.

यावर कोणी म्हणेल की रोजगारासाठी माणसे जगभर गाव सोडतात, मग रत्नागिरीलाच गिरणगाव कशाला म्हणायचे? फरक असा की इथला माणूस गाव सोडून गेला नाही. तो दोन ठिकाणी राहिला. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका गावाचे पंधरा-वीस जण वळकट्या आणि ट्रंका घेऊन राहत. दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की रातपाळीची आडवी होत. बायको, म्हातारे आईवडील आणि मुले गावी. भाताची लावणी, कापणी, गुरे, पाणी, सगळे बायकांच्या अंगावर. दर महिन्याची मनीऑर्डर हा घरच्या शेतीइतकाच महत्त्वाचा मिळकतीचा मार्ग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा कामगार गावांकडे पळाले आणि गिरण्यांना माणसे मिळेनात. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने टिकला, त्यामागे पुढाऱ्यांची जिद्द होती तशीच गावचा रस्ता धरलेल्या कामगारांची सोयही होती. चाळीचे भाडे आणि वाण्याची उधारी यांच्या जोरावर मालकाला संप मोडता येतो. माणूस गावी जाऊन कोंड्याचा मांडा करून राहू लागला की तो जोर कमी पडतो. म्हणजे संपाची एक आघाडी गिरणीच्या दाराशी आणि दुसरी रत्नागिरीच्या खाचरात होती. अर्थात गावाची ताकदही बेताचीच होती, कारण गाव स्वतः त्याच पगारावर तगलेले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले आणि तो संप लांबतच गेला, तेव्हा ही ताकद किती पुरते ते कोकणातल्या घराघराला कळले.

ही दुहेरी घडण जनगणनेतून अजून पुसली गेलेली नाही. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ च्या १६,९६,७७७ या लोकसंख्येवरून जिल्हा दहा वर्षांत १६,१५,०६९ वर उतरला. गिरण्या गेल्या, पण बाहेर कमावायचे आणि गावाशी बांधून राहायचे ही रीत राहिली. पर्यटकाला जी कुलूपबंद, नीट शाकारलेली घरे वाडीवाडीत दिसतात, त्यांचे कारण हेच. ती ओसाड नाहीत. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला ती उघडतात.

आता वाटांकडे येतो. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतून मुंबईला जाणे म्हणजे काय होते, हे त्या वाटेवर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. घराच्या खळ्यातून निघायचे, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरायची, दोन बाजूंना गडगे, खाली पऱ्या, पऱ्यावर साकव, मग पुन्हा चढ आणि मैलोन्‌मैल उघडा सडा. खाडी आडवी आली की होडीची तर. बंदरावर आगबोट धक्क्याला लागेलच असे नसे. बहुतेक ठिकाणी ती लांब पाण्यात उभी राही, आणि पडावातून वल्हवत नेऊन माणसे, फणस, तांदळाची बोचकी आणि कोंबड्या वर चढवल्या जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग ही या प्रवासाची नावे आहेत. आज त्यांतली बरीचशी पर्यटकाला किल्ला किंवा मासळीबाजार म्हणून माहीत आहेत. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे बोटीच्या काळात शिमगा आणि मे महिना हेच गावी येण्याचे मोठे हंगाम राहिले असणार. पावसातल्या गणपतीला आजच्यासारखी झुंबड उडायला एसटीचे रस्ते आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांचा आधार लागला. असे असताना रत्नागिरीत पायवाटांचे पर्यटन म्हणजे फक्त गड चढणे, एवढाच अर्थ का घ्यावा? उक्षी, काशेळी, बारसू इथली कातळशिल्पे गावकऱ्यांना आणि गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांचा शोध, नोंद आणि जपणूक झाली, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि सड्यावर माणसे चालू लागली. वाडीपासून बंदरापर्यंतची वाट त्याहून पुष्कळ अलीकडची आहे, आणि तिच्यावरून गेलेली माणसे काही गावांत अजून हयात आहेत. तिला फलक, नकाशा आणि सांगणारा माणूस एवढेच हवे आहे. पाखाडीला सिमेंटचा थर देणे तेवढे थांबवले तर आणखी बरे.

संगीताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शिमग्यात देवीची रुपे, म्हणजे मुखवटे, पालखीला लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसते, मग घरोघर फिरते, आणि तिच्यासोबत खेळे निघतात. मृदंग आणि टाळ यांच्या साथीने आधी गणेशाला, देवदेवतांना, ग्रामदैवताला नमन, मग गण, गौळण, काळ्या कपड्यांतला उंच टोकदार टोपीचा संकासूर, आणि पुढे वग असा त्यांच्या खेळाचा क्रम असतो. गौरी-गणपतीत जाखडी. मुंबईत तिला बाल्या नाच म्हणत. मध्यभागी शाहीर आणि ढोलकीवाला बसतो, नाचणारे भोवती रिंगण धरतात, पायात घुंगरू बांधतात, आणि लय वाढत जाते तसे रिंगण एकदा आत दबते, एकदा बाहेर फेकले जाते. या नाचातल्या दोन पक्षांच्या सामन्याला शक्ती-तुरा म्हणतात: शक्तीवाले मायेची बाजू घेतात, तुरेवाले पुरुषतत्त्वाची. एकाने पदातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने पदातूनच तो सोडवायचा. अक्षरओळख बेताची असलेल्या माणसांनी प्रकृती-पुरुषाचा वाद रात्रभर गाऊन चालवावा, ही या भूमीची मोठी बौद्धिक कमाई आहे, आणि तिच्याकडे आपण करमणूक म्हणून पाहतो याचे मला वाईट वाटते.

हे कलाप्रकार मुख्यतः कुणबी समाजाने जपले, म्हणजे खोताच्या कुळांनी. आणि तेच लोक गिरणीत गेले. इथे माझ्या मुद्द्यावर सर्वांत भक्कम आक्षेप येतो: नमन आणि जाखडी गिरण्यांच्या कितीतरी आधीच्या आहेत, शक्ती-तुऱ्याची परंपरा तर लावणी-शाहिरीच्या जुन्या कलगी-तुऱ्याशी जोडलेली, मग त्यांना गिरणगावाचे संगीत म्हणणे म्हणजे देवाच्या गोष्टीवर भोंग्याचा शिक्का मारणे नाही का? उगम जुना, हे मला मान्यच आहे. पण जुनी गोष्ट आपोआप टिकत नाही, तिला टिकवायला वेळ, पैसा आणि श्रोते लागतात. श्रोते मुंबईने दिले. गावाच्या नावाची खोली होती तसे गावाच्या नावाचे मंडळ निघाले. वर्गणी जमू लागली, तिच्यातून देवळाचा जीर्णोद्धार झाला, शाळेची इमारत झाली, नवे मृदंग आणि पोशाख आले. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने तिकीट लावून होऊ लागले. वाडीत एका रात्रीत एक वाडी ऐकत होती. परळला संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर असे सगळे तालुके एका छताखाली बसले. ऐकणारा जाणकार आणि परका असला की शाहिराला सवाल अधिक घासूनपुसून टाकावा लागतो. महागाई, निवडणूक, सिनेमातल्या चाली या सगळ्यांनी पदांत शिरकाव केला तोही याच येण्या-जाण्यातून. म्हणून आज वाडीत जे ऐकू येते ते अस्पर्शित प्राचीन लोकसंगीत आहे, असे माहितीपत्रकात छापणे खोटे ठरेल. ते शहर पाहून आलेल्या, पगार मिळवणाऱ्या, संप केलेल्या माणसांचे संगीत आहे, आणि तसे सांगितल्याने त्याची किंमत वाढते.

अमेरिकेतल्या लॉवेलचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. मॅसॅच्युसेट्समधल्या या कापडगिरण्यांच्या गावाचा पडता काळ संपवण्यासाठी १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. बूट गिरणीत जुने माग आजही चालवून दाखवतात, कालव्यांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत, कामगार मुलींच्या वसतिगृहाची इमारत जपली आहे, आणि १९८७ पासून तिथे लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरू लागला. त्या महोत्सवाचा विचार मला विशेष पटतो. गिरणीत आलेल्या आयरिश, फ्रेंच कॅनेडियन, ग्रीक, पुढे कंबोडियन अशा वस्त्यांचे गाणे हे गिरणीच्या इतिहासाचेच अंग मानले गेले. यंत्र आणि मृदंग एकाच दालनात ठेवायला त्यांना अवघड वाटले नाही. मात्र लॉवेलच्या पहिल्या कामगार मुली न्यू इंग्लंडच्या ज्या शेतांवरून आल्या, ती शेते त्या उद्यानात येऊ शकली नाहीत. आपल्याकडे ते दुसरे टोक अजून नांदते आहे. मुंबईतले संग्रहालय आणि रत्नागिरीतल्या वाटा एकाच योजनेत बांधल्या तर अशी सांगड जगात फार थोड्या ठिकाणी दिसेल.

काहींना हे सगळे अप्रस्तुत वाटते. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस घरांसाठी आजही अर्ज, सोडत आणि मोर्चे यांतच अडकलेले असताना त्यांच्या आठवणींचे पर्यटन कसले करता, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गिरणीच्या जमिनींचे काय झाले हे न सांगता दाखवलेली चिमणी म्हणजे अर्धसत्य. पण यावर मौन हा उपाय नाही. घराच्या हक्काला स्मृतीचाच आधार आहे: कोण कुठल्या खात्यात किती वर्षे होते, कोण संपात गेले, कोण नंतर परत घेतलेच गेले नाही. ही स्मृती सार्वजनिक राहिली तर मागणीला बळ मिळते. रत्नागिरी शहरातही या स्मृतीला जागा आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान पाहायला रोज माणसे येतात. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या कामगारांत याच जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. ही गोष्ट त्या घरात सांगितली, तर पर्यटकाला पुढाऱ्यासोबत जिल्हाही भेटेल.

जातीचा प्रश्न मात्र कुठल्याही योजनेच्या आधी सोडवायला हवा. गिरणीत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे अधिक पगाराच्या विणकामात, घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि एकाच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागणे सवर्ण कामगारांना चालत नव्हते. ही अडवणूक आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी उघडपणे मांडली. गावातही तेच होते. पालखीचे मान कोणाचे, सहाणेवर कोण चढणार, वाजवायचे काम कोणावर लादलेले, यांची उतरंड पक्की होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध वाड्यांनी लादलेली गावकीची कामे टाकून दिली, ती योग्यच. शिमग्याला ‘सगळ्या गावाचा आनंद’ म्हणून पर्यटकापुढे ठेवले तर हा इतिहास पुसला जाईल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणून या वाटेवर मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे आंबेडकरांचे मूळ गाव असलेच पाहिजे, आणि परळचे दामोदर सभागृहही, जिथे ९ मार्च १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक झाली. जिथे शक्ती-तुरा रंगला त्याच वास्तूत ही बैठक झाली. संगीतातही बौद्ध वाड्यांतल्या भीमगीतांना आणि आंबेडकरी जलशांच्या परंपरेला नमनाइतकेच स्थान हवे, कारण तीही चाळीतून गावी आणि गावातून चाळीत फिरलेली गाणी आहेत.

राहिला प्रश्न कलेच्या बाजारीकरणाचा. हॉटेलच्या हिरवळीवर वीस मिनिटांची जाखडी बसवली की सवाल-जवाब गळतात, नुसते रिंगण उरते. मग शाहिरापेक्षा पोशाख महत्त्वाचा ठरतो. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय आहे तो पाहुण्याने गावाच्या वेळापत्रकाने यायचे हा. मंडणगडातल्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पिल्ले कधी बाहेर पडतील हे तिथे कोणाच्या हाती नसते, तरी माणसे जातात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, पहाटे किनाऱ्यावर थांबतात. शिमग्याची तिथी तर पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. पालखीला पाहुण्यांसाठी वाट बदलायला लावू नये, रुपे लागताना छायाचित्रे घ्यावीत की नाही हे गावाने ठरवावे, राहण्या-जेवणाचा पैसा वाडीतल्या घरांना आणि खेळ्यांच्या मंडळाला मिळावा, आणि रात्रीचा शक्ती-तुरा पूर्ण व्हावा. ज्याला रात्रभर जागायचे नाही त्याने पाखाडीची वाट चालून परत जावे, त्यात कमीपणा काही नाही.

या कामाला मुदत आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. १९८२ मध्ये विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे गेला आहे, आणि त्याच्या आधीच्या पिढीतली, बोटीने गेलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. साच्याचा आवाज आणि मृदंगाचा ठेका दोन्ही अंगात असलेली ही शेवटची माणसे आहेत. मुंबईत दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, चाळी पडून मनोरे उठत आहेत, गावाच्या खोल्या विकल्या जात आहेत. तिथे नोंद करायला जागाच राहिलेली नाही. ती नोंद आता रत्नागिरीतच करावी लागेल, आणि त्यासाठी शिमग्याचे दिवस सर्वांत सोयीचे, कारण मुंबईचे मंडळ, गावची वाडी आणि दोन्हीकडचे शाहीर तेव्हा एका गावात असतात.